थॉमस पाउंड : राणीचे दरबारी, येशूसंघाचे बंदिवान

फादर थॉमस स्टीफन्स यांचे नाव ठाऊक नाही असा मराठी ख्रिस्ती वाचक विरळाच. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या येशूसंघीय धर्मगुरूने गोव्यात राहून ‘ख्रिस्तपुराण’ रचले आणि मराठी साहित्यात आपले कायमचे स्थान निर्माण केले. त्यांच्या चरित्राच्या आरंभी आणखी एक नाव येते आणि वाचक बहुधा तेथे न थांबता पुढे जातो. ते नाव म्हणजे थॉमस पाउंड. हे पाउंड पहिल्या एलिझाबेथ राणीचे दरबारी होते. ते नसते, तर स्टीफन्स यांची वाट रोमकडे आणि तेथून गोव्याकडे वळली असती की नाही, याची आम्हास शंका वाटते. म्हणूनच या दरबाऱ्याचे जीवन, त्यांचे घराणे आणि त्यांचा दीर्घ कारावास यांची ओळख वाचकांस करून द्यावी, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

घराणे

थॉमस पाउंड यांचा जन्म १५३९ च्या सुमारास दक्षिण इंग्लंडमधील हॅम्पशर परगण्यात, पोर्टस्मथ बंदराजवळच्या बेल्मॉंट येथे झाला. वडील विल्यम पाउंड हे तेथील श्रीमंत जमीनदार. थॉमस हा त्यांचा थोरला मुलगा. विंचेस्टर येथील प्रसिद्ध शाळेत त्यांचे शिक्षण झाले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवितात. पुढे कायद्याच्या अभ्यासासाठी १५६० मध्ये त्यांनी लंडनच्या लिंकन्स इन या संस्थेत प्रवेश घेतला. त्याच सुमारास वडिलांचे निधन झाले आणि बेल्मॉंटची मालमत्ता त्यांच्याकडे आली.

मात्र दरबाराचा दरवाजा उघडला तो आईच्या माहेरामुळे. त्यांची आई रायझली घराण्यातील होती. तिचा भाऊ थॉमस रायझली हा आठव्या हेन्री राजाच्या कारकिर्दीतील अत्यंत प्रबळ पुरुष. तो राज्याचा लॉर्ड चॅन्सलर झाला आणि १५४७ मध्ये साउदॅम्प्टनचा पहिला अर्ल झाला. हेन्री राजाने मठ बरखास्त केले तेव्हा टिचफील्ड आणि ब्यूली येथील मठांच्या जमिनी याच मामाच्या पदरात पडल्या. टिचफील्डच्या मठाचे तर त्याने आपल्या राहत्या वाड्यात रूपांतर केले.

या मामाविषयी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. १५४६ मध्ये ॲन ॲस्क्यू नावाच्या एका प्रॉटेस्टंट स्त्रीला लंडनच्या टॉवरमध्ये शरीर ताणण्याच्या यंत्रावर चढविण्यात आले. त्या यंत्राची चाके फिरविणाऱ्या दोन हातांपैकी एक हात थॉमस रायझलीचा होता. पुढे त्या स्त्रीला जिवंत जाळण्यात आले. पुढच्या पिढीत त्याच टॉवरमध्ये त्याच मामाचा भाचा कॅथलिक म्हणून कोंडला जाणार होता. सत्ता ज्या हाती असेल त्या हाताने दुसऱ्याचा विश्वास चिरडण्याचा प्रयत्न करावा, अशी त्या शतकाची रीत होती. तिचा दोष एकाच पक्षाच्या माथी मारणे सत्याला धरून होणार नाही.

या अर्लचा मुलगा हेन्री, म्हणजे पाउंड यांचा मामेभाऊ, हा मात्र निष्ठावान कॅथलिक होता. १५६६ मध्ये त्याचा विवाह मेरी ब्राउन हिच्याशी झाला. तिचे वडील लॉर्ड मॉंटेग्यू यांनी १५५९ मध्ये उमरावांच्या सभागृहात, राणीला धर्माचे सर्वोच्च प्रमुखत्व देणाऱ्या कायद्याला उघड विरोध केला होता. या विवाहप्रसंगी मनोरंजनासाठी पद्यरचना करून ती सादर करण्याचे काम पाउंड यांनीच केले. हेन्रीला पुढे १५७१ ते १५७३ या काळात टॉवरमध्ये कैद भोगावी लागली. त्याचा मुलगा तिसरा अर्ल. शेक्सपिअरने आपली दोन दीर्घकाव्ये ज्या उमरावाला अर्पण केली, तो हाच.

राणीच्या सेवेत

देखणे रूप, श्रीमंती, मोठे नातेसंबंध आणि काव्य, नृत्य व नाट्य यांची उत्तम जाण. एलिझाबेथच्या दरबारात तरुणाला वर चढण्यास जे जे लागते, ते सर्व पाउंड यांच्यापाशी होते. राणीच्या व्यक्तिगत सेवेतील मानकरी म्हणून त्यांची नेमणूक झाली. दरबारी करमणुकीच्या प्रसंगी ते पुढे असत. मुखवटे घालून केल्या जाणाऱ्या नृत्यनाट्यांची तेथे मोठी चलती होती आणि अशा प्रसंगांवर दरबारी मंडळी आपली संपत्ती पाण्यासारखी ओतीत. राणीची नजर आपल्यावर पडावी, एवढ्यासाठी हा खटाटोप असे. ती नजर पडली तर भाग्य उजळे आणि फिरली तर सारेच संपे.

१५६९ चा नाताळ

पाउंड यांच्या जीवनाला वळण देणारा प्रसंग १५६९ च्या नाताळातील उत्सवात घडला. सतराव्या शतकातील इटालियन येशूसंघीय इतिहासकार दानिएल्लो बार्तोली याने तो सांगितला आहे. त्या रात्री पाउंड राणीपुढे नाचत होते. गिरकी घेऊन उंच उडी मारण्याचा एक अवघड प्रकार त्यांनी करून दाखविला. राणी प्रसन्न झाली. तिने अर्ल ऑफ लेस्टर याची टोपी घेऊन पाउंड यांना दिली आणि तीच उडी पुन्हा मारण्यास सांगितले. या वेळी मात्र त्यांचा पाय घसरला आणि ते भर सभेत जमिनीवर आपटले. राणीने त्यांना पायाने ढकलले आणि ‘ऊठ, बैल सरदारा!’ असे उद्गार काढले. सभेत हशा पिकला.

पाउंड उठले. एक गुडघा टेकून त्यांनी राणीला वंदन केले आणि लॅटिन भाषेतील चार शब्द उच्चारले : जगाचे वैभव असे निघून जाते. पोप महोदयांच्या राज्याभिषेकाच्या वेळी त्यांच्यासमोर तागाचा पुंजका जाळून हेच शब्द उच्चारण्याची प्रथा होती. १९६३ नंतर राज्याभिषेकाचा तो विधी झालेला नाही, तथापि ते वचन आजही पुष्कळांच्या स्मरणात आहे. पाउंड यांच्या तोंडून ते निघाले तेव्हा सभोवतालच्या लोकांना ती दरबारी हजरजबाबी वाटली असेल. परंतु बोलणाऱ्याने ते मनापासून घेतले. त्यानंतर ते दरबार सोडून बेल्मॉंटला निघून गेले.

काळाची पार्श्वभूमी

एखादा मनुष्य अपमान झाला म्हणून धर्माकडे वळला, तर त्याच्या वैराग्यावर कोणी सहसा विश्वास ठेवीत नाही. हा आक्षेप रास्त आहे. परंतु पाउंड यांनी कोणत्या वेळी कोणती वाट धरली, हे पाहिले म्हणजे त्याचे उत्तर मिळते.

त्याच हिवाळ्यात उत्तर इंग्लंडमधील कॅथलिक उमरावांचे बंड चिरडले जात होते. १५७० च्या फेब्रुवारीत पाचवे पायस यांनी एलिझाबेथ राणीला ख्रिस्तसभेतून बहिष्कृत केले आणि प्रजेला तिच्याप्रति असलेल्या निष्ठेतून मुक्त केल्याचे जाहीर केले. त्यामुळे कॅथलिक असणे आणि राजद्रोही असणे, या दोन गोष्टी शासनाच्या दृष्टीने एकच होऊन बसल्या. १५५९ च्या कायद्याने सरकारमान्य उपासनेला गैरहजर राहणाऱ्यास दर वेळी बारा पेन्स दंड होता, तो १५८१ मध्ये दरमहा वीस पौंड झाला. परदेशात दीक्षा घेऊन आलेल्या धर्मगुरूचे इंग्लंडमध्ये नुसते असणेदेखील १५८५ पासून देहान्ताचा गुन्हा ठरला. रुसलेल्या दरबाऱ्याने गावी बसून राहावे आणि राणीचा राग निवळण्याची वाट पाहावी, हे सोपे होते. पाउंड यांनी नेमकी जी वाट तुरुंगाकडे जात होती तीच धरली. त्यांनी पापनिवेदन करून कॅथलिक ख्रिस्तसभेशी समेट केला, काही काळ प्रार्थनेत व तपश्चर्येत घालविला आणि नंतर लपून राहणाऱ्या धर्मगुरूंना व छळ सोसणाऱ्या कुटुंबांना मदत करू लागले. त्यांनी लग्न केले नाही.

थॉमस स्टीफन्स यांची सोबत

या काळात त्यांना एक तरुण सोबती लाभला. विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मलेला, लंडनच्या एका व्यापाऱ्याचा मुलगा आणि विंचेस्टरच्याच शाळेचा विद्यार्थी असलेला हा तरुण म्हणजे आपले थॉमस स्टीफन्स. सुमारे दोन वर्षे ते दोघे बरोबर राहिले. पाउंड सरदाराच्या वेषात पुढे असत आणि स्टीफन्स त्यांचे सेवक म्हणून मागे. एका घरातून दुसऱ्या घरी निर्धोकपणे जाता यावे, यासाठी केलेले हे सोंग होते. ज्यांनी दरबारात मुखवटे घालून राणीची करमणूक केली, त्यांनी आता वेष घेतला तो संकटात सापडलेल्या बांधवांसाठी.

दोघांनीही येशूसंघात प्रवेश करण्याचा निश्चय केला होता आणि त्यासाठी रोमला जाण्याचे ठरविले होते. परंतु पाउंड पकडले गेले. १५७४ पासून त्यांच्या बंदिवासाला आरंभ झाला. मध्ये थोडा काळ सुटका झाली तरी परदेशी जाण्याची वाट बंदच राहिली. स्टीफन्स एकटेच निघाले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी रोममधील संत आंद्रेयाच्या उमेदवारगृहात त्यांना येशूसंघात प्रवेश मिळाला.

तुरुंगातून येशूसंघात

स्टीफन्स आपल्या मागे राहिलेल्या मित्राला विसरले नाहीत. १५७८ मध्ये त्यांनी येशूसंघाचे महाधिपती फादर एव्हरार्ड मर्क्युरियन यांच्याकडे एक निवेदन सादर केले. पाउंड यांचे जीवन, त्यांचे दान, त्यांचा कारावास आणि संघात येण्याची त्यांची तळमळ हे सर्व त्यात सांगून, त्यांना आहेत तेथेच संघात घ्यावे, अशी त्यांनी विनंती केली. महाधिपतींनी ती मान्य केली. १ डिसेंबर १५७८ या तारखेच्या पत्राने थॉमस पाउंड येशूसंघाचे सदस्य झाले. ते त्या वेळी लंडनच्या मार्शलसी तुरुंगात होते. उमेदवारगृह नाही, मठ नाही, संघाचा झगाही नाही. तुरुंगाची कोठडी हेच त्यांचे उमेदवारगृह ठरले. त्यांना गुरुदीक्षा कधीच मिळाली नाही. ते अखेरपर्यंत ब्रदरच राहिले.

यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, ४ एप्रिल १५७९ रोजी, स्टीफन्स लिस्बनहून गलबतात बसले आणि २४ ऑक्टोबर रोजी गोव्यास पोहोचले. युरोप सोडण्यापूर्वी त्यांनी केलेल्या शेवटच्या कामांपैकी एक काम म्हणजे आपल्या बंदिवान मित्रासाठी केलेली ती विनवणी होय.

कॅम्पियन यांचे पत्रक

१५८० च्या उन्हाळ्यात एडमंड कॅम्पियन आणि रॉबर्ट पर्सन्स हे दोन येशूसंघीय धर्मगुरू गुप्तपणे इंग्लंडमध्ये आले. पाउंड यांनी तुरुंगाधिकाऱ्याकडून थोड्या अवधीची मोकळीक मिळविली आणि लंडनजवळ हॉक्स्टन येथे त्यांची गाठ घेतली. पुढेमागे तुम्ही पकडले गेलात तर शत्रू तुमच्या नावावर वाटेल ते खपवतील, तेव्हा आपण येथे कशासाठी आलो हे आधीच लिहून ठेवा, असा सल्ला त्यांनी दिला. कॅम्पियन यांनी अर्ध्या तासात राणीच्या मंत्रिमंडळास उद्देशून एक निवेदन लिहिले. आपले कार्य केवळ आध्यात्मिक आहे, राज्यकारभाराशी त्याचा संबंध नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. त्याची एक प्रत त्यांनी मोहोर न लावताच पाउंड यांच्या हाती दिली.

पाउंड यांनी ती वाचली आणि त्यांना राहवले नाही. त्यांनी ती सोबतच्या बंदिवानांना दाखविली. नकला झाल्या आणि काही आठवड्यांत ते निवेदन देशभर पसरले. कॅम्पियन पकडले जाईपर्यंत जे गुप्त राहावयाचे, ते आधीच प्रकट झाले. त्यामुळे कॅथलिकांना धीर आला, तसा शासनाचा पाठलागही तीव्र झाला. पाउंड यांचा उत्साह येथे सावधगिरीच्या पुढे गेला, हे मान्य केले पाहिजे. त्यांनी स्वतःही प्रॉटेस्टंट उपदेशकांना वादविवादाचे लेखी आव्हान दिले. परिणामी त्यांना बिशप्स स्टॉर्टफर्ड येथील किल्ल्यात हलवून अंधाऱ्या कोठडीत बेड्या घालून ठेवण्यात आले.

१५८१ च्या जुलैमध्ये कॅम्पियन पकडले गेले आणि टॉवरमध्ये त्यांचा छळ झाला. पाउंड यांनाही टॉवरमध्ये आणण्यात आले. छळाखाली कॅम्पियन यांनी सर्व गुपिते सांगून टाकली, अशी अफवा पसरली होती. व्यथित होऊन पाउंड यांनी त्यांना चिठ्ठी लिहून खरे काय ते विचारले. आपण काही घरांची नावे सांगितली याचा कॅम्पियन यांना खेद होता. परंतु विश्वासाने कानी घातलेली गुपिते आपण उघड केलेली नाहीत आणि यंत्र येवो वा फास, करणारही नाही, असे त्यांनी उत्तर दिले. हेच उत्तर पुढे खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून वाचले गेले. १ डिसेंबर १५८१ रोजी टायबर्न येथे कॅम्पियन रक्तसाक्षी झाले. १९७० मध्ये सहावे पॉल यांनी त्यांना संतपद बहाल केले.

तीस वर्षांचा बंदिवास

पाउंड यांना मात्र फासावर जाण्याचा मान मिळाला नाही. त्यांच्या वाट्याला आली ती केवळ वर्षांमागून वर्षे. एका तुरुंगातून दुसऱ्या तुरुंगात, मध्ये थोडी मोकळीक आणि पुन्हा कैद, असा हा क्रम १५७४ पासून राणीच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १६०३ पर्यंत, चालू राहिला. ज्या राणीपुढे ते नाचले, तिच्या राज्यात त्यांचे तारुण्य संपले आणि वार्धक्यही आले. काव्याची आवड तेवढी तुरुंगातही टिकून राहिली. प्रॉटेस्टंट हुतात्म्यांचा इतिहास लिहिणाऱ्या जॉन फॉक्स यांना आव्हान देणारी एक कविता त्यांनी १५८२ मध्ये रचली.

पहिला जेम्स गादीवर आल्यावर त्यांची सुटका झाली. आता तरी त्यांनी शांत बसावे, असे कोणासही वाटेल. परंतु १६०४ मध्ये लॅंकशर भागातील कॅथलिकांवर होत असलेल्या अन्यायाविरुद्ध त्यांनी राजाकडे अर्ज केला. त्याबद्दल स्टार चेंबर न्यायालयाने त्यांना १००० पौंड दंड आणि भर चौकात लाकडी चौकटीत मान अडकवून उभे राहण्याची शिक्षा दिली. त्या वेळी त्यांचे वय सुमारे पासष्ट वर्षांचे होते. पस्तीस वर्षांपूर्वी दरबारातील हशा ऐकून ते उठून निघून गेले होते. या वेळी अपमान होणार हे ठाऊक असूनही ते स्वतः पुढे आले. त्यांच्यात झालेला पालट यापेक्षा अधिक स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

१६१५ च्या सुमारास, ज्या बेल्मॉंटमध्ये ते जन्मले तेथेच त्यांचे निधन झाले. ख्रिस्तसभेने त्यांना धन्य किंवा संत म्हणून घोषित केलेले नाही.

गोव्यात उमटलेले फळ

तिकडे साष्टीत फादर स्टीफन्स चाळीस वर्षे लोकांची सेवा करीत राहिले. कोकणी व मराठी त्यांनी आत्मसात केल्या. १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापला गेला. १९०७ साली मंगळूरला जोसेफ सालढाणा यांनी त्याची आवृत्ती काढली आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी तो देवनागरीत प्रसिद्ध केला. १६१९ मध्ये स्टीफन्स देवाघरी गेले.

येथे मामाची आणि भाच्याची गोष्ट पुन्हा आठवते. स्टीफन्स ज्या छळातून निसटून आले, त्याच जातीचा छळ गोव्यातही होता. फरक एवढाच की येथे सत्ता कॅथलिकांच्या हाती होती. साष्टीतील देवळे पाडली गेली होती आणि गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसले होते. पूर्वीची पुराणे नाहीशी झाली, तेव्हा आम्हांला वाचण्यास दुसरे काही द्यावे, अशी एका नवख्रिस्ती ब्राह्मणाने केलेली मागणी ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच आली आहे. त्या मागणीला स्टीफन्स यांनी दिलेले उत्तर तलवारीचे नव्हते. ते लोकांच्या भाषेतील, लोकांच्या छंदातील काव्य होते. विश्वासाच्या बाबतीत कोणावरही बळजबरी होता कामा नये, असे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी जाहीर केले. थॉमस रायझली, थॉमस पाउंड आणि थॉमस स्टीफन्स या तीन थॉमसांच्या चरित्रांतून आम्हांस तोच धडा मिळतो.

पाउंड रोमला पोहोचले नाहीत, त्यांना गुरुदीक्षा मिळाली नाही, मुलेबाळे झाली नाहीत आणि बेल्मॉंटबाहेर त्यांची आठवण फारशी कोणी ठेवली नाही. परंतु त्यांच्यामागून सेवकाचा वेष घेऊन चालणारा तरुण पुढे निघून गेला आणि सात समुद्र ओलांडून आपल्या पूर्वजांपर्यंत पोहोचला. उपवासकाळात जेथे जेथे ‘ख्रिस्तपुराणा’च्या ओव्या गायिल्या जातील, तेथे त्या अंधाऱ्या कोठडीतील ब्रदरांसाठीही एक प्रार्थना व्हावी, एवढीच आमची वाचकांस विनंती आहे.